निळ्या झाकणाची नळी : रक्तगुठळीच्या रुग्णाने तपासण्यांचे आकडे कसे वाचावेत

डी-डायमर हे नाव कोविडच्या साथीपूर्वी रक्तविकारतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा यांच्याबाहेर क्वचितच ऐकू येत असे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ते ऑक्सिजनच्या पातळीइतकेच सर्वांच्या तोंडी झाले आणि साथ ओसरल्यावरही तोंडी राहिले. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आज पोटरी सुजली किंवा छातीत दुखले, तर डॉक्टरांकडे जाण्याआधीच लॅबमध्ये डी-डायमर करून घेणारे लोक आढळतात, आणि अहवालात ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून काही जण घाबरतात, तर काही जण निर्धास्त होतात. दोन्ही गोष्टी बहुधा अस्थानी असतात, कारण रक्तगुठळीसंबंधीची प्रत्येक रक्ततपासणी हे एखाद्या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते आणि प्रश्नच ठरलेला नसेल, तर आलेल्या उत्तराचे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही. कोणती तपासणी कोणत्या प्रश्नासाठी, कोणत्या वेळी करावी आणि तिच्या आकड्यावर कुठवर विसंबावे, याचे विवेचन येथे केले आहे.

शरीरातील अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांना नीला किंवा बोलीत शिरा म्हणतात. पाय, मांडी किंवा ओटीपोट यांतील खोलवरच्या नीलांत रक्त साकळून गुठळी तयार झाली, की त्या विकाराला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात, आणि हीच गुठळी किंवा तिचा तुकडा सुटून रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसाच्या वाहिनीत जाऊन अडकला, तर त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. पहिला विकार त्रासदायक असतो, दुसरा जीवघेणा ठरू शकतो, आणि दोन्ही एकाच दुखण्याची दोन रूपे असल्याने त्यांचा विचार एकत्रच केला जातो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांच्या १८५६ मधील लेखनाशी जोडली गेलेली तीन कारणे आजही वैद्यकीय शिक्षणात शिकवली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. पायाला प्लास्टर घालून घरी बसलेला तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार, सिझेरियननंतर खाटेवर असलेली बाळंतीण, कर्करोगावर उपचार घेणारा वृद्ध, बोईसरहून उत्तर भारतातील गावी दीड-दोन दिवस गाडीत अवघडून बसून जाणारा मजूर, या सर्वांमध्ये या तिन्हींपैकी एक तरी कारण हजर असते. लोकलमधील रोजच्या उभ्या प्रवासाला मात्र उगाच दोष देऊ नये. प्रवासाशी जोडला गेलेला धोका मुख्यतः सलग चार तासांहून अधिक एका जागी बसून राहण्याचा आहे.

डी-डायमर म्हणजे काय हे समजले, की त्या आकड्याविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. रक्त गोठताना फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि ते एकमेकांत गुंतून मासेमारीच्या जाळ्यासारखी वीण तयार करतात. या विणीच्या गाठी शरीर रासायनिक बंधांनी पक्क्या करते. गुठळीचे काम संपत आले, की प्लाझ्मिन नावाचे विकर हे जाळे कातरू लागते, पण पक्क्या केलेल्या गाठी त्याला सोडवता येत नाहीत, त्यामुळे गाठीसकट कापलेले तुकडे रक्तात उतरतात. हेच तुकडे डी-डायमर होत. याचा अर्थ असा, की रक्तात डी-डायमर वाढला असेल, तर शरीरात कुठेतरी, कशामुळे तरी, जाळे विणले गेले आणि कातरले गेले, एवढेच सिद्ध होते. ते पायाच्या शिरेत विणले गेले, जखमेत विणले गेले, की न्यूमोनियाने सुजलेल्या फुप्फुसात, हे त्या तुकड्यांवर लिहिलेले नसते. उलट, रक्तात हे तुकडे जवळपास नसतील, तर मोठी ताजी गुठळी असण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून ही तपासणी ‘गुठळी नाही’ असे सांगायला भरवशाची आणि ‘गुठळी आहे’ असे सांगायला कुचकामी आहे.

पालघर जिल्ह्यात हा भेद लक्षात ठेवण्याची विशेष गरज आहे, कारण पाय सुजवणाऱ्या आणि त्याच वेळी डी-डायमर वाढवणाऱ्या गोष्टींची येथे वाण नाही. पावसाळ्यात भातखाचरात चिखलातून काम करताना पायाच्या भेगांतून शिरलेल्या जंतूंमुळे पाय लालबुंद होऊन सुजतो, लेप्टोस्पायरोसिस आणि डेंगीचे रुग्ण याच दिवसांत वाढतात, आणि सर्पदंशाचाही हाच हंगाम असतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठवणारे घटक झपाट्याने वापरून टाकते. फायब्रिन तयार होत राहते, विरघळत राहते, आणि डी-डायमर अफाट वाढतो, मात्र रुग्णाला त्या वेळी धोका असतो तो रक्तस्रावाचा. डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि सर्पदंश हा तेथील अभ्यासाच्या विषयांपैकी एक आहे, यावरून या प्रश्नाचे स्थानिक वजन कळावे. दंशाचा संशय असलेल्या रुग्णासाठी महागड्या यंत्राची वाट न पाहता करता येणारी वीस मिनिटांची गोठण चाचणी उपलब्ध आहे : स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करून पाहायची; रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष रक्तात भिनले आहे असे समजायचे. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली, तर ही चाचणी फसवते. शेतावरून सुजलेला पाय घेऊन आलेल्या माणसाच्या डी-डायमरचा आकडा पाहून कोणी त्याला रक्त पातळ करणारे इंजेक्शन दिले आणि पायावरच्या दोन बारीक दातांच्या खुणा पाहायच्या राहून गेल्या, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आकड्याच्या आधी प्रश्न येतो, आणि हा प्रश्न ठरवण्यासाठी डॉक्टर फिलिप वेल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांकन तक्ता जगभर वापरला जातो. कर्करोग चालू आहे का, पाय लुळा पडला आहे किंवा प्लास्टरमध्ये आहे का, रुग्ण तीन दिवसांहून अधिक खाटेवर होता किंवा गेल्या बारा आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झाली का, खोल शिरेच्या रेषेवर दाबल्यास दुखते का, संपूर्ण पाय सुजला आहे का, दुखऱ्या पायावरच बोटाने दाबल्यास खळी पडते का, त्वचेखालच्या शिरा नव्याने फुगल्या आहेत का, पूर्वी गुठळी झाली होती का, अशा प्रत्येक होकाराला एक गुण दिला जातो. आणखी एक गुण शिंप्याच्या टेपने ठरतो : गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा, आणि दुखऱ्या बाजूचा घेर तीन सेंटिमीटरहून अधिक भरला, तर गुण द्यायचा. सूज दुसऱ्या एखाद्या कारणाने तितक्याच पटण्याजोगी असेल, तर दोन गुण वजा होतात. बेरीज दोनपेक्षा कमी आली तर डी-डायमर करणे उपयुक्त ठरते, आणि तो मर्यादेत आला तर सोनोग्राफीशिवायही गुठळीचा विचार बाजूला ठेवता येतो. बेरीज दोन किंवा अधिक आली, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहण्यात अर्थ नाही. थेट डॉप्लर सोनोग्राफी करावी, कारण अशा रुग्णात केवळ डी-डायमर कमी आला म्हणून गुठळी नाकारता येत नाही. टेप कोणत्याही दवाखान्यात असते आणि तिला दोन मिनिटे लागतात, तरी ती वापरली जाताना दिसत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

डी-डायमरची वेळही पाहावी लागते. रक्त पातळ करणारे औषध सुरू झाल्यावर तो उतरू लागतो, आणि दुखणे अंगावर काढून दोन-तीन आठवडे गेले असतील, तरीही तो फसवा कमी येऊ शकतो. म्हणून ही तपासणी करायची तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी, आणि लक्षणे ताजी असताना करावी.

अहवाल हातात आल्यावर आकड्याआधी त्याच्यापुढचे एकक वाचावे. डी-डायमर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून छापला जातो : काही यंत्रे तो एफईयू, म्हणजे मूळ फायब्रिनोजेनच्या तुलनेत, मोजतात, तर काही डीडीयू, म्हणजे प्रत्यक्ष तुकड्यांच्या वजनात; पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. प्रौढांसाठी नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एफईयू असते आणि डीडीयूमध्ये तीच सुमारे २५० होते. हाच ५०० कोणी ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर कोणी ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर असाही छापतो. परिणामी, बोईसरच्या एका लॅबमध्ये ४०० आणि दोन दिवसांनी मुंबईच्या लॅबमध्ये ८०० आला, तर गुठळी दुप्पट झाली असे नाही. एकक बदलले असण्याची शक्यता आधी तपासावी. वय वाढते तसा डी-डायमर निरोगी माणसातही वाढत जातो, त्यामुळे पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारा आकडा एफईयूमधील मर्यादा धरावा, या पद्धतीला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या युरोपीय अभ्यासाने बळ दिले. त्यानुसार बहात्तर वर्षांच्या व्यक्तीची मर्यादा ७२० होते. छापील अहवालात मात्र बहुतेक वेळा सर्वांसाठी ५०० हीच रेघ असते आणि म्हाताऱ्या माणसाचा ६५० हा निरुपद्रवी आकडा ठळक अक्षरांत उठून दिसतो. गरोदरपणातही हीच अडचण येते : महिने भरत जातात तसा डी-डायमर चढत जातो आणि शेवटच्या तिमाहीत बहुतेक निरोगी गरोदर स्त्रियांचा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या वर असतो, म्हणून त्या काळात संशय आल्यास सोनोग्राफीच करावी.

आता नळीविषयी. गोठण्यासंबंधीच्या तपासण्यांसाठी रक्त फिकट निळ्या झाकणाच्या नळीत घेतात, जिच्यात सोडियम सायट्रेटचे मोजके द्रावण आधीच भरलेले असते. नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असे प्रमाण असते, आणि ते साधण्यासाठी नळीवर एक रेघ असते. शीर सापडत नाही, रुग्ण कुरकुरतो, म्हणून रेघेच्या खाली अर्ध्यावरच नळी सोडली, तर द्रावण रक्ताच्या मानाने जास्त होते आणि गोठण्याची वेळ खोटीच लांबलेली दिसते. नळी भरल्यावर ती तीन-चार वेळा हळुवार उलटीसुलटी करायची असते. जोराने घुसळली तर रक्तपेशी फुटतात, आणि तशीच ठेवली तर तळाशी बारीक गुठळ्या होतात. बोईसर हे चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि विशेष तपासण्यांचे नमुने मुंबईला पाठवले जातात. प्रवासात त्यांना उन्हाची झळ लागू नये हे खरे, पण सायट्रेटची अख्खी नळी थेट बर्फात खुपसणेही चूक आहे, कारण थंडीने काही घटक अकाली जागे होतात. एपीटीटी या रक्त गोठण्याची वेळ मोजणाऱ्या तपासणीसाठी नमुना चार तासांत तपासला जावा, आणि प्रोटीन सी किंवा प्रोटीन एस यांसारख्या गोठणविरोधी प्रथिनांच्या तपासण्यांसाठी रक्तातील द्रव भाग वेगळा करून, गोठवून मगच पाठवावा, असा संकेत आहे. रुग्णाने लॅबमध्ये विचारायचे दोनच प्रश्न आहेत : नळी रेघेपर्यंत भरली का, आणि नमुना येथेच तपासला जाणार की बाहेर जाणार, आणि जाणार असल्यास वेगळा करून जाणार का. हे विचारण्यात अनादर नाही; चांगल्या लॅबला या प्रश्नांचा राग येत नाही.

गुठळी निश्चित झाल्यावर रक्ततपासण्यांचा प्रश्न बदलतो. आता शोधायचे असते, की उपचार कोणता आणि किती प्रमाणात सोसेल. त्यासाठी रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, प्रोथ्रॉम्बिन वेळ आणि एपीटीटी या साध्या, स्वस्त तपासण्या पहिल्याच दिवशी लागतात. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर रक्तस्राव कुठे चालू आहे का ते पाहावे लागते, आणि क्रिएटिनिन वाढलेले असेल तर इंजेक्शनचे वा गोळीचे प्रमाण बदलावे लागते, कारण यांतील बरीच औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. नुसत्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची खरी ताकद कळत नाही. वय आणि वजन धरून हिशोब करावा लागतो, म्हणून रुग्णाचे वजन काट्यावर घेऊन केसपेपरवर लिहून घ्यावे, अंदाजाने सांगू नये. हेपारिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन सुरू केल्यावर पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान प्लेटलेट्स निम्म्याहून खाली आल्या, तर ती साधी घट समजू नये : या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन उलट नव्या गुठळ्या होण्याचा तो दुर्मीळ पण गंभीर प्रकार असू शकतो. फुप्फुसात गुठळी असलेल्या रुग्णाचे ट्रोपोनिन आणि बीएनपी हे हृदयावरील ताण दाखवणारे निर्देशांक पाहतात. ते वाढलेले असतील, तर रक्तदाब ठीक दिसत असूनही रुग्णाला घरी न पाठवता देखरेखीखाली ठेवले जाते. सीआरपी, ईएसआर, फेरिटिन यांची लांबलचक यादी मात्र बहुधा जुन्या साथीच्या सवयीने चालत आलेली असते आणि गुठळीच्या उपचारात तिच्यामुळे क्वचितच काही बदलते.

वॉरफेरिन किंवा एसिनोकुमारोल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या आयुष्यात मग आयएनआर येतो. रक्त गोठायला लागणारा वेळ लॅबागणिक वेगळा येत असे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात तो एका समान मापात आणला. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर एकच्या आसपास असतो आणि नीलांतील गुठळीच्या रुग्णात तो दोन ते तीनच्या दरम्यान राखायचा असतो. दोनच्या खाली संरक्षण अपुरे पडते आणि तीनच्या वर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. सुरुवातीच्या दिवसांतील एक खाचखळगा सांगितलाच पाहिजे. या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती रोखतात, पण प्रत्येक घटकाचे आयुष्य वेगळे असते : सातवा घटक काही तासांत निम्मा होतो, तर प्रोथ्रॉम्बिनला अडीच दिवस लागतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशीच आयएनआर दोनच्या वर गेला, तरी तो केवळ सातव्या घटकाच्या घटीचा परिणाम असतो आणि खरे संरक्षण अजून सुरू झालेले नसते; शिवाय शरीरातील गोठणविरोधी प्रोटीन सी याच दिवसांत घटते. म्हणून इंजेक्शन किमान पाच दिवस आणि आयएनआर दोनच्या वर चोवीस तास टिकेपर्यंत चालू ठेवतात. खर्च वाचवण्यासाठी इंजेक्शन तिसऱ्या दिवशी बंद करणारा रुग्ण नेमक्या चुकीच्या दिवशी उघडा पडतो.

आयएनआरवर खाण्यापिण्याचा परिणाम होतो, कारण या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असते. पहिला पाऊस पडला, की जव्हार-विक्रमगडच्या रानातून टाकळा, कुर्डू यांसारख्या पालेभाज्या बाजारात उतरतात, घरोघरी चार-सहा आठवडे त्याच शिजतात, आणि एरवी स्थिर असलेला आयएनआर खाली घसरू शकतो. याचा अर्थ भाजी सोडावी असा नाही; वर्षभर थोडी थोडी आणि साधारण सारख्या प्रमाणात खावी, आणि हंगामात खाणे बदलणार असेल तर डॉक्टरांना सांगून तपासणी लवकर करावी. घोलवडचा चिकू वा किनाऱ्यावरचे मासे यांनी आयएनआरवर असा परिणाम होत नाही. ताडी, दारू, तापात घेतलेली प्रतिजैविके आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या यांनी मात्र तो बिघडतो किंवा रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाळीत काम करणाऱ्या कामगाराने पाठदुखीची गोळी घेण्याआधी आपण रक्त पातळ करणारे औषध घेतो, हे दुकानदाराला सांगावे. सातपाटीचा वा दांडीचा मच्छीमार अनेक दिवसांसाठी समुद्रात जात असेल, तर तपासणीची तारीख बोटीच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवावी, आणि शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करावी. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआरची गरज नसते. तो मोजला तरी औषध पुरेसे आहे की नाही ते त्यातून कळत नाही, म्हणून त्यांच्या रुग्णाने सवयीने आयएनआर करून पैसे घालवू नयेत, मात्र मूत्रपिंड, यकृत आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी आणि वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडविकार असेल तर अधिक वेळा.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ या गोंडस नावाच्या संचावर. गोठण्याची प्रवृत्ती अधिक असण्याला थ्रोम्बोफिलिया म्हणतात आणि या संचात अँटिथ्रोम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस, फॅक्टर व्ही लायडेन हा जनुकीय बदल, होमोसिस्टीन इत्यादी मोजले जातात. गुठळी झाली त्याच आठवड्यात हा संच करणे बहुतांशी निरर्थक आहे : ताज्या गुठळीने हे घटक खर्ची पडतात, हेपारिनने अँटिथ्रोम्बिन घटते, वॉरफेरिनने प्रोटीन सी आणि एस घटतात, गरोदरपणात प्रोटीन एस घटतेच, आणि मग एखादा तरुण आयुष्यभर ‘प्रोटीन एसची कमतरता’ हा खोटा शिक्का घेऊन फिरतो. फॅक्टर व्ही लायडेन हा बदल १९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे ओळखला गेला. तो युरोपीय वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, भारतीयांत त्या मानाने विरळ आहे, आणि प्रोथ्रॉम्बिन जनुकाचा प्रसिद्ध बदल तर येथे फारच क्वचित सापडतो, तरी परदेशी यादी जशीच्या तशी उचलल्याने दोन्ही विकले जातात. होमोसिस्टीन ब-१२ च्या अभावाने वाढते आणि आपल्याकडे हा अभाव सर्रास आहे. ब-१२ द्यावे हे ठीक, पण होमोसिस्टीन उतरवल्याने गुठळी पुन्हा होण्याचे टळते, असे सिद्ध झालेले नाही. तरुण वय, कारण नसताना झालेली गुठळी, कुटुंबात अनेकांना झालेली गुठळी, किंवा यकृताच्या, आतड्याच्या, मेंदूच्या शिरांत झालेली गुठळी, अशा प्रसंगी उपचाराचा पहिला टप्पा पार पडल्यावर, रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने या तपासण्या कराव्यात. परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था अशा विकारांवर दीर्घकाळ काम करीत आली आहे, हे पश्चिम रेल्वेने प्रवास करणाऱ्या रुग्णांना माहीत असावे.

या संचातील एक तपासणी मात्र उपचार खरोखर बदलू शकते. अँटिफॉस्फोलिपिड या नावाच्या प्रतिपिंडांमुळे रक्त गोठते आणि स्त्रियांत वारंवार गर्भपातही होतात. त्यासाठी ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरोधी प्रतिपिंडे अशा तीन तपासण्या करतात. एकदा आलेला होकार पुरेसा नसतो, कारण साध्या संसर्गातही ही प्रतिपिंडे काही काळ दिसतात. बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि दोन्ही वेळा होकार आला, तरच निदान धरावे. नव्या गोळ्या चालू असताना केलेला ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट खोटा होकार देऊ शकतो, म्हणून औषधाचे नाव आणि शेवटची मात्रा घेतल्याची वेळ मागणीपत्रावर लिहावी. तिन्ही तपासण्या निश्चित होकारार्थी असलेल्या रुग्णात नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफेरिन सुरक्षित मानले जाते.

जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक तपासणी या यादीत सर्वांत वर असायला हवी, आणि ती कोणत्याही आकर्षक पॅकेजमध्ये नसते. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी अशा समाजांत सिकलसेल हा रक्तविकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्या तुंबवतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढवतात. सिकलसेलच्या रुग्णाला नीलांतील गुठळीचा धोका इतरांहून अधिक असतो, आणि तो बरा असतानाही त्याचा डी-डायमर वाढलेला असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही तपासणी जवळजवळ निरुपयोगी ठरते. छातीत दुखणे आणि धाप ही सिकलसेलच्या तीव्र छाती-विकारातही दिसतात आणि फुप्फुसातील गुठळीतही. दोन्हींत उपचार वेगळे असल्याने येथे छातीचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन लागतात. सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी रुग्ण आणि वाहक दोघांतही होकारार्थी येते. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी याच तपासणीने कळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत तपासलेल्या व्यक्तींना कार्ड दिले जाते. ते कार्ड आधारकार्डाइतके जपावे आणि पाय सुजला, छातीत दुखले किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांपुढे आधी ते ठेवावे.

उपचार सामान्यतः किमान तीन महिने चालतात. पुढे थांबवायचे की नाही, हे मुख्यतः गुठळीच्या कारणावरून ठरते : प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया यांसारखे तात्पुरते कारण असेल, तर बहुधा थांबवता येते, आणि कारण सापडले नसेल, तर पुन्हा होण्याचा धोका बराच असतो. औषध थांबवून महिन्याभराने डी-डायमर वाढलेला आढळला, तर धोका अधिक असतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासातून दिसले, म्हणून काही तज्ज्ञ निर्णयाला आधार म्हणून तो वापरतात; औषध चालू असताना दर पंधरा दिवसांनी डी-डायमर करून तो उतरला का, हे पाहण्याला मात्र काही आधार नाही. कारण न सापडलेल्या गुठळीमागे कधी कधी कर्करोग दडलेला असतो हे खरे आहे, पण त्यासाठी ट्यूमर मार्करचा संच मागवण्यापेक्षा नीट शारीरिक तपासणी, साध्या रक्ततपासण्या आणि वयानुसार ठरलेल्या चाळण्या पुरेशा ठरतात.

जुने अहवाल, रुग्णाचे वजन, औषधांची नावे आणि सुरू केल्याच्या तारखा एका पिशवीत एकत्र ठेवाव्यात, कारण पालघरहून मुंबईला किंवा वापीला गेलेल्या रुग्णाला तेथे पहिला प्रश्न त्यांचाच विचारला जातो. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, थुंकीतून रक्त पडणे, भोवळ येऊन कोसळणे, किंवा बाळंतिणीला झटके वा असह्य डोकेदुखी होणे, यांपैकी काहीही घडले, तर कोणत्याही रक्ततपासणीसाठी लॅबची वाट धरू नये. १०८ वर फोन करून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.